ठेच्याचा पाव का बसतो?

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू ताटलीत पंच्याखाली झाकून एक पाव घेऊन आल्या. वरून तांबूस, वास खमंग. सुरीनं मधोमध कापला आणि तळाशी बोटभर जाडीचा कच्चा, चिकट थर दिसला. वरच्या भागातही जाळी नव्हती. फसलेला ढोकळा गच्च होतो ना, तसा. मधूनमधून हिरव्या मिरचीचे ठिपके.

कृती त्यांनी सांगितली ती अशी. पाचशे ग्रॅम मैदा, नेहमीएवढं पाणी, नेहमीएवढं यीस्ट, वर एक वाटी ठेचा. दोन तास फुगायला ठेवला, चाळीस मिनिटं ओव्हनमध्ये भाजला.

"एवढा जाळ ठेचा घातला गं, आणि तिखट म्हणशील तर लागतच नाही. मिरचीनं यीस्ट मेलं असणार आणि भट्टीत तिखट उडून गेलं असणार."

मी कोल्हापुरात घरच्या घरी पाव करायला शिकवते. शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकीनं काकूंसारखाच निष्कर्ष काढलेला असतो आणि पुन्हा मिरचीचा पाव करायचा नाही असं ठरवलेलं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. यीस्ट मिरचीनं मरत नाही आणि तिखट भट्टीत उडत नाही. मग झालं काय, ते मुळापासून बघू.

तिखट ही चव नाही

गोड, आंबट, खारट, कडू या जिभेला कळणाऱ्या चवी. तिखटाचं तसं नाही. मिरचीत एक द्रव्य असतं, त्याचं नाव कॅप्सायसिन. १८७६ साली थ्रेश नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञानं ते वेगळं करून हे नाव दिलं. हे द्रव्य तयार होतं मिरचीच्या आतल्या पांढरट शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बिया काढल्या की मिरची कमी तिखट होते हे आपण बघतो, पण ते बियांमुळे नसतं. बियांबरोबर ती शीर खरवडून जाते, म्हणून.

आपल्या तोंडात आणि कातडीत काही मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी दारं असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की ती उघडतात आणि मेंदूला "भाजतंय" असा निरोप जातो. कॅप्सायसिन हेच दार उघडतं. काही गरम नसतानाही मेंदूला तोच निरोप मिळतो. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली हे दार नेमकं शोधून काढलं, आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. झणझणीत रश्श्याला आमच्याकडे "जाळ" म्हणतात, तो शब्द किती नेमका आहे बघा.

यातून पावाविषयी एक गोष्ट लगेच कळते. भट्टीतून नुकताच काढलेला मिरचीचा पाव जास्त तिखट लागतो आणि गार झाल्यावर तोच पाव सौम्य वाटतो. गरम पाव आणि मिरची दोघं मिळून एकच दार ढकलत असतात. तेव्हा तिखटाचा अंदाज घ्यायचा तर पाव पूर्ण गार करून घ्या.

ओव्हन २०० अंशांवर असतो, मग तिखट जळत कसं नाही?

ओव्हन २०० वर असला तरी पावाचा आतला भाग १०० अंशांच्या पुढे जात नाही. उघड्या पातेल्यात डाळ कितीही मोठ्या जाळावर ठेवा, पाणी आहे तोवर ती १०० च्या आसपासच राहते. पावाच्या आतही पाणी असतंच. थर्मामीटर खुपसून पाहिलं तर भाजून तयार झालेल्या पावाच्या पोटात ९३ ते ९६ अंश दिसतात.

एवढ्या उष्णतेत कॅप्सायसिन वितळतं, पण मोडत नाही आणि वाफ होऊन निघूनही जात नाही. खरं तर यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मिसळीचा कट तासन्‌तास उकळतो, त्याचा तिखटपणा जातो का? फोडणीचं तेल पावाच्या पोटापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, त्यात पडलेली मिरची बेचव होते का?

पावाच्या पाठीची गोष्ट मात्र वेगळी. तिथलं पाणी सुकतं आणि ती कातडी चांगलीच तापते. वर भुरभुरलेलं लाल तिखट तिथे करपतं, कडवट लागतं, आणि ओव्हनचं दार उघडताच अख्ख्या घराला ठसका लागतो. म्हणून तिखट आत मळावं. वरून रंग हवाच असेल तर भाजून झाल्यावर लोण्यात तिखट कालवून ब्रशनं लावावं.

मग काकूंच्या ठेच्याचं तिखट गेलं कुठे?

कुठेच गेलं नाही. ते पांगलं.

तिखटपणा मोजायचं एक माप आहे, स्कोव्हिल. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञानं ते काढलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, आणि चाखणाऱ्यांना तिखट कळेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला तो आकडा लिहायचा. आज यंत्रानं मोजतात, पण आकडा त्याच मापात सांगतात. मेक्सिकोची हालापेन्यो अडीच ते आठ हजारांत येते. आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया २००७ साली दहा लाखांच्या वर गेली आणि जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. पुढे इतर मिरच्यांनी तिला मागे टाकलं.

आता आपल्या पावाचा हिशोब. समजा लाल तिखट ३२,००० स्कोव्हिलचं आहे, म्हणजे चांगलंच झोंबणारं. त्यातलं १० ग्रॅम आपण ९०० ग्रॅम कणकेत मळलं. म्हणजे ते ९० पट पातळ झालं. बत्तीस हजाराचे राहिले साधारण साडेतीनशे. भाजताना थोडं पाणी उडतं, म्हणून चारशेच्या आसपास धरा. दोन माणसांच्या आमटीतलं तिखट लग्नाच्या पातेल्यात टाकल्यावर जे होईल, तेच कणकेत होतं.

शिवाय कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. मिसळीच्या कटावर तर्री तरंगते, तिखट त्या तर्रीत उतरलेलं असतं आणि घास घेताच थेट जिभेवर येतं. पावातलं तिखट पिठाच्या जाळ्यात अडकलेलं असतं. चावून चावून लाळेत मिसळेल तेव्हा ते सुटतं. म्हणून पहिला घास सपक लागतो आणि तिसऱ्या घासाला घशाशी धग जाणवायला लागते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, दोन घासांवर निकाल देऊ नका.

चीज घातलेला मिरचीचा पाव आणखी सौम्य लागतो. दुधातलं एक प्रथिन, केसिन, कॅप्सायसिनला धरून ठेवतं. तिखट लागल्यावर पाण्यानं भागत नाही आणि दूध-दह्यानं बरं वाटतं, त्याचं कारण हेच. मुलांसाठी करत असाल तर चीज घाला, तिखटप्रेमींसाठी करत असाल तर वगळा.

यीस्टला मिरची चालते का?

घरगुती प्रमाणात अगदी आरामात चालते. ५०० ग्रॅम मैद्यात १० ग्रॅम लाल तिखट घालून आणि न घालून, एकाच दिवशी, शेजारी शेजारी दोन भांड्यांत कणीक ठेवून बघा. दोन्ही भांड्यांत ती सारखीच वर येईल. मी हे शिकवण्याच्या पहिल्याच दिवशी करून दाखवते, कारण ऐकून कुणाला पटत नाही.

पण ठेचा म्हणजे नुसती मिरची नव्हे. ठेच्यात पाणी असतं, मीठ असतं, लसूण असतो. काकूंचा पाव या तिघांनी बसवला. त्यातही पहिला मान पाण्याचा.

पाणी

हिरव्या मिरचीच्या वजनात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हातात ती कोरडी ठणठणीत वाटते, त्यामुळे आपण तिला पाण्याच्या हिशोबात धरतच नाही. काकूंची वाटी मी काट्यावर ठेवली. ठेचा भरला १५० ग्रॅम. त्यात पाणी असणार शंभराच्या पुढे.

बेकर लोक पिठाला १०० धरून बाकी सगळं त्याच्या टक्केवारीत मोजतात. घरच्या साध्या पावात पाणी ६० ते ६५ टक्के असतं, म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३०० ते ३२५ ग्रॅम. काकूंनी ३२० घातलं होतं. वर ठेच्याचे १०० धरले तर झाले ४२०, म्हणजे ८४ टक्के. एवढी पातळ कणीक हाताळणारे बेकर आहेत, पण त्यांची पद्धत वेगळी, भट्टी वेगळी. आपल्या ओटीजीतल्या (घरगुती छोट्या ओव्हनमधल्या) डब्यात ती कणीक वरून भाजते आणि तळाशी ओलीच राहते. तो बोटभर चिकट थर त्याचा.

यात एक फसवी गोष्ट आहे. मळताना कणीक ठीक वाटते आणि तासाभरानं ती चिकट, ढिली होते. काकडीची कोशिंबीर आठवा. मीठ घातल्यावर थोड्या वेळानं ताटात पाणी सुटतं. चिरलेल्या मिरचीचंही तेच होतं. कणकेतलं मीठ तिच्यातलं पाणी हळूहळू बाहेर ओढतं. त्या वेळी घाबरून वरून मैदा घालत बसू नका, त्यानं पाव कोरडा होतो. पाणी पहिल्यापासूनच कमी घ्यायचं.

किंवा मिरचीतलं पाणी आधीच घालवायचं, आणि त्यासाठी आपल्याकडे तवा आहे. मिरच्या मंद आचेवर अंगाला काळे डाग पडेपर्यंत आणि सुरकुत्या येईपर्यंत भाजल्या की त्यांचं बरंच वजन उतरतं. ६० ग्रॅम ओल्या मिरच्या माझ्या तव्यावर ४५ ग्रॅमच्या आसपास येतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हॅच नावाच्या गावाच्या परिसरातली हिरवी मिरची प्रसिद्ध आहे. हंगामात ती जाळीच्या मोठ्या पिंपांत फिरवत आगीवर भाजतात, साल काढतात आणि मग चीजबरोबर पावात घालतात. तिथल्या घरांनी आणि आपल्या आजीनं एकच गोष्ट केली, मिरची आधी भाजून घेतली.

मीठ

टिकाऊ ठेच्यात मीठ सढळ असतं. काकूंनी ठेच्यात एक चमचा घातलं होतं आणि सवयीनं मैद्यातही दीड चमचा. माझ्या मापानं ते १५ ग्रॅम, म्हणजे मैद्याच्या ३ टक्के. पावाला २ टक्के पुरे होतं. त्यापुढे यीस्टचा वेग मंदावतो, कारण मीठ मिरचीतलं पाणी ओढतं तसंच यीस्टच्या पेशीतलंही ओढतं. यीस्ट मेलं नव्हतं, ते रेंगाळलं होतं. काकूंनी अजून दीड तास थांबून पाहिलं असतं तर कणीक थोडी वर आली असती. लोणच्यातल्या मिरच्या किंवा डबाबंद हालापेन्यो घालणाऱ्यांनीही हाच हिशोब करावा. त्यात मीठ आहे, पाणी आहे आणि व्हिनेगरही आहे.

कच्चा लसूण: जिच्याकडे कुणी बघत नाही ती बाजू

मैदा पाण्यात मळला की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक तेल लावून लावून तिंबली की ती पुरणाभोवती पातळ ताणली तरी फाटत नाही, तेच हे. यीस्ट जो वायू सोडतं तो या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. जाळ्याच्या धाग्यांना जोडणारे काही टाके गंधकाचे असतात.

लसणाचा उग्र वासही गंधकाच्याच संयुगांचा. कच्चा लसूण ठेचला की त्यातली दोन द्रव्यं, जी अख्ख्या पाकळीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, एकत्र येतात आणि झणझणीत रस तयार होतो. तो रस जाळ्याचे टाके उसवतो आणि यीस्टच्या कामातही अडथळा आणतो. पाव-अर्ध्या पाकळीनं काही होत नाही. काकूंच्या वाटीत अख्खा गड्डा होता, मिक्सरला कच्चाच फिरवलेला. त्यांनी मळताना कणीक "हातातून ओघळत होती" असं सांगितलं, तेव्हाच मला लसणाची शंका आली.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. पाकळ्या आधी अख्ख्या भाजायच्या आणि मग ठेचायच्या. उष्णतेनं तो रस तयार करणारं द्रव्यच निकामी होतं, मग ठेचला तरी उग्रपणा येत नाही. आधी ठेचून नंतर परतला तर रस तयार होऊन गेलेला असतो. त्याचा जोर परतल्यावर कमी होईल, पण भरवसा नाही. म्हणून तव्यावर मिरच्यांबरोबर सोललेल्या अख्ख्या पाकळ्या टाका, तपकिरी डाग पडू द्या, गार करा, मग खलबत्त्यात घ्या.

मग ठेच्याऐवजी चटणी घातली तर?

आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, मिरची कांडपातून वर्षाची करून आणलेली. अनेकींना वाटतं की ही कोरडी, म्हणजे पाण्याची कटकट नाही. खरं आहे. पण तिच्यात दालचिनी आणि लवंग असते, आणि या दोघींतली सुवासिक तेलं यीस्टला मिरचीपेक्षा कितीतरी जास्त जाचक. दालचिनीच्या रोलमध्ये दालचिनी कणकेत मळत नाहीत, लाटलेल्या पोळीवर पसरून गुंडाळतात, त्याचं हे एक कारण.

चटणीसाठीही तेच करा. कणीक साधी मळा, एकदा फुगू द्या, मग चौकोनी लाटा. दोन चमचे तेलात दीड चमचा चटणी कालवून त्यावर पसरा आणि बाकरवडीसारखी घट्ट गुंडाळी करून डब्यात ठेवा. कापल्यावर लाल भोवरा दिसतो. तिखटही एका रेषेत एकवटतं, त्यामुळे कमी चटणीत जास्त चव येते. मला स्वतःला ठेच्याच्या पावापेक्षा हा भोवऱ्याचा पाव जास्त आवडतो.

कोणती मिरची घ्यावी?

आधी ठरवा की हवं काय आहे: रंग, स्वाद की झोंब. एकाच मिरचीत तिन्ही क्वचितच मिळतात.

रंगासाठी ब्याडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं हे गाव, आणि २०११ साली या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला बेताची. तिचा रंगही तेलातच उतरतो. म्हणून ब्याडगी कोमट पाण्यात भिजवून वाटा आणि ते वाटण थोड्या तेलात परतून मग कणकेत घाला. पाव केशरी-लाल होतो. नुसती पूड घातली तर विटकरी दिसतो. स्वादासाठी माझी पसंती संकेश्वरीला, तव्यावर हलकी भाजून. झोंबच हवी असेल तर लवंगी, पण ती ग्रॅममध्ये मोजा, मुठीनं नको.

वाळलेल्या मिरचीचे जाडसर तुकडे थेट कोरड्या मैद्यात टाकू नका. एक तर ते कणकेतलं पाणी शोषून घेतात, ओल्या मिरचीच्या अगदी उलट. दुसरं, त्यांच्या धारदार कडा ताणलेलं जाळं कापतात. वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, आणि ते पाणी फेकू नका. कणकेच्या मापातलं पाणी म्हणून तेच वापरा.

पाव आणि मिरची एकाच वाटेनं आले

"पावात मिरची हे काय नवीन थेर?" असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं तर त्यांना हे सांगा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, आणि पाव हा शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतला. यीस्ट सहज मिळत नव्हतं म्हणून गोव्याचे पदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची सूर (माडापासून काढलेली ताडी) घालून कणीक फुगवू लागले. म्हणजे मिरची आणि पाव दोघं एकाच लोकांबरोबर किनाऱ्याला लागले. आज कोल्हापुरात मिसळीबरोबर लादी पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस देतात. मिरची वाटीत आणि पाव ताटात, एवढंच अंतर उरलंय.

आता माप

मैदा ५०० ग्रॅम. पाणी २९० ग्रॅम, नेहमीपेक्षा मुद्दाम कमी. इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १५, तेल २५. मीठ १० ग्रॅम, पण त्यातलं ३ ग्रॅम ठेच्यात आणि ७ कणकेत. ठेच्यासाठी ६० ग्रॅम हिरव्या मिरच्या आणि १५ ग्रॅम अख्खा लसूण, दोन्ही तव्यावर भाजून. ठेचा साधारण ६० ग्रॅम भरेल, त्यात चाळीसेक ग्रॅम पाणी असेल. म्हणजे एकूण पाणी ६६ टक्क्यांच्या आसपास, काकूंच्या ८४ च्या जागी.

ठेचा सोडून बाकी सगळं एकत्र करून दहा-बारा मिनिटं मळा. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी पातळ ताणून बघा, पडद्यासारखा झाला आणि पलीकडचा उजेड दिसला की जाळं तयार. आता ठेचा घाला. आधी घातला तर मिरचीचे तुकडे जाळं बनण्याच्या आतच त्याला तोडत राहतात. कणीक पसरा, ठेचा पसरा, घडी घाला, पुन्हा पसरा. पाच-सहा घड्या पुरतात.

फुगण्याचा वेळ घड्याळावर ठरवू नका. एप्रिलच्या उन्हाळ्यात आमच्याकडे चाळीस मिनिटांत कणीक दुप्पट होते, डिसेंबरात दीड तास लागतो. दोन लहान डब्यांत भरा, पुन्हा डब्याच्या काठापर्यंत येऊ द्या, आणि १९० अंशांवर अर्ध्या तासाच्या आसपास भाजा. थर्मामीटर नसेल तर पाव डब्यातून काढून तळाला टिचकी मारा. पोकळ आवाज आला की झाला.

हात सांभाळा

हे मी अनुभवानं सांगते. पहिल्यांदा ठेच्याची कणीक मी उघड्या हातांनी दहा मिनिटं मळली. मळताना काहीच वाटलं नाही. संध्याकाळी बोटांच्या पेरांना धग सुरू झाली. पाण्याखाली हात धरला की बरं वाटायचं, काढला की पुन्हा तीच आग. रात्री अकरापर्यंत मी थंड दुधाच्या वाडग्यात बोटं बुडवून बसले होते, आणि तेवढ्यात एकदा नकळत डोळ्याला हात लागला. त्याचं वर्णन करत नाही.

कॅप्सायसिन पाण्यानं धुतलं जात नाही हे वर आलंच आहे. आधी हाताला गोडंतेल चोळा, ते कापडानं पुसा, मग भांडी घासायच्या साबणानं धुवा. त्याहून चांगलं म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे पातळ हातमोजे घाला. घड्या घालायला तेलाचा हात लावलेलं उलथणंही चालतं. घरात तान्हं मूल असेल तर हे विसरूच नका.

गव्हाचं पीठ चालेल का, आणि पोटाचं काय?

चालेल, पण एकदम पूर्ण नको. गव्हाच्या पिठातला कोंडा मिरचीच्या तुकड्यांसारखाच जाळं कापतो, आणि चक्कीचं पीठ पाणीही जास्त पितं. निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं पीठ आणि वीस-तीस ग्रॅम जास्त पाणी, इथून सुरुवात करा.

ज्यांना आम्लपित्ताचा किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्यांना हा पाव देऊ नये. उष्णता ओळखणारी तीच दारं अन्ननलिकेत आणि आतड्यातही असतात. सौम्य लागतोय म्हणून माणूस चार स्लाइस खातो आणि तिखट मात्र पोटात साठत जातं, हे पावाच्या बाबतीत सहज घडतं.

मिरचीनं पाव जास्त दिवस टिकतो असंही ऐकते. एवढ्याशा मिरचीनं तसं होत नाही. उलट ओल्या तुकड्यांभोवती ओल राहते आणि बुरशी तिथूनच धरते. दोन दिवसांत संपवा, नाहीतर स्लाइस करून फ्रीजरमध्ये ठेवा.

काकूंनी गेल्या रविवारी या मापानं पुन्हा पाव केला. फुगला, जाळी पडली, तळ कोरडा. "अजून तिखट हवा होता," एवढीच तक्रार. मी त्यांना सोमवारी सकाळी त्याच पावाच्या स्लाइस तव्यावर लोणी टाकून दोन्ही बाजूंनी कडक भाजायला सांगितल्या. पाणी उडालं, तिखट तेवढंच राहिलं, लोण्यानं ते जिभेपर्यंत आणलं, आणि स्लाइस गरमच होती. दहाच्या सुमाराला त्यांचा फोन आला. फ्रीजमध्ये दही नव्हतं, आमच्याकडे आहे का, विचारत होत्या.